लिंक आहे, पण तुमच्यासाठी नाही

‘तशी तरतूद नाही.’

सरकारी कार्यालयात वरचेवर ऐकू येणाऱ्या वाक्यांची यादी केली, तर हे वाक्य बरंच वर येईल. मला ते गेल्या वर्षी फोनवर ऐकायला मिळालं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक खाला राहतात. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवतात. मुलगी बारावीला. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला, कारण आधारवर नावाचं एक स्पेलिंग आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. शेख, शैख, खातून, खातुन. कारकुनाच्या हाताला जे आलं ते आयुष्यभर चिकटतं. खालांनी या एका अक्षरापायी किती खिडक्या पालथ्या घातल्या, हे त्यांच्याकडून ऐकावं. कुठल्या टेबलावर काम अडतं, काय केलं तर सुटेल, हे त्यांना कुठल्याही सल्लागारापेक्षा नेमकं ठाऊक आहे.

तर एका सरकारी कार्यालयाची अशी एक सल्लागार समिती आहे. मुलींच्या शिक्षणाच्या योजना खरोखर पोहोचतात का, यावर तिनं सल्ला द्यायचा. कार्यालयाचं नाव मी देत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या कार्यालयाचं नाही. बैठक मंगळवारी सकाळी अकराला, जिल्ह्याच्या ठिकाणी. नागरिकांना सूचना मांडता येतील, हे आम्हाला तीन दिवस आधी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी खालांना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, ‘‘बेटा, तीन मिनिटं बोलायला अख्खा दिवस घालवू? लग्नसराई चालू आहे, ऑर्डरी कोण देईल? फोनवरून नाही का बोलता येणार?’’

प्रश्न रास्त होता. मी रोज सकाळी कात्रपमधल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून बंगळुरू, पुणे आणि जर्मनीतल्या माणसांबरोबर एकाच बैठकीत काम करतो. त्यातून पगार येतो, हप्ते जातात. मी कार्यालयाला फोन लावला आणि विचारलं, एका बाईंना तीन मिनिटं फोनवरून बोलायचं आहे, जमेल का? उत्तर आलं, ‘तशी तरतूद नाही.’

खाला गेल्या नाहीत. मला सुट्टी मिळाली नाही. बैठक झाली.

नंतर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये अर्जाचे, दोन रुपये पानाचे. इतिवृत्त हातात आलं. हजेरीच्या यादीत चौदा नावं होती. त्यातल्या पाच अधिकाऱ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे उपस्थित.’ आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘नागरिकांकडून कोणतीही सूचना प्राप्त झाली नाही.’

म्हणजे त्या दिवशी लिंक होती. चालू होती. पाच जण आपापल्या केबिनमधून बोलत होते. फक्त ती लिंक आमच्यासाठी नव्हती. आणि वर कागदावर असं नोंदवलं गेलं, की आम्हालाच काही म्हणायचं नव्हतं.

माझं भांडण या ओळीशी आहे.

कायदा काय विचारतो

सल्लागार समित्या ही कुणाची मेहेरबानी नव्हे. सरकारला सगळं ठाऊक नसतं, म्हणून त्या नेमल्या जातात. पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमाचंच घ्या. २००६ साली तो आला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी आणि तिच्यात अल्पसंख्याकांमध्ये काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत, असं मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं गेलं. रेल्वेच्या विभागीय आणि क्षेत्रीय प्रवासी सल्लागार समित्या आहेत. शाळा, दवाखाने, रेशन, पोलीस यांच्याही समित्या आहेत. यांतल्या किती तुम्हाला माहीत होत्या? तुमच्या भागातल्या एकीची तरी पुढची बैठक कधी आहे, सांगता येईल?

माहिती अधिकार कायदा, २००५. कलम ४(१)(ख), उपखंड आठ. आपण या कायद्याचा वापर अर्ज टाकण्यापुरता करतो आणि हे कलम वाचतच नाही. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानं, कुणी न मागता, स्वतःहून जाहीर करायचं आहे की सल्ल्यासाठी आपल्याकडे कोणती मंडळं, परिषदा, समित्या आहेत. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का. आणि त्यांचं इतिवृत्त लोकांना मिळतं का. कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू आहे. वीस वर्षं झाली.

आता या कलमाची मेख पाहा. बैठक खुली आहे का, एवढंच ते विचारतं. खुली ठेवाच, असं सांगत नाही. त्यामुळे कार्यालयानं ‘नाही’ असा एक शब्द लिहिला की काम भागलं. आणि ‘होय’ लिहिलं, तरी त्या ‘होय’चा अर्थ काय? अकरा वाजताची बैठक, तीन दिवसांची सूचना, बंद केबिन, बाहेर शिपाई. दार उघडं आहे असं म्हणायचं, आणि ते ठेवायचं चौतीस किलोमीटरवर.

चौतीस हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मुंबई सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, बदलापूर ६८. आमच्यापासून जिल्ह्याचं ठिकाण तेवढंच दूर. २०११ च्या जनगणनेत बदलापूरची वस्ती १ लाख ७४ हजार होती, अंबरनाथची २ लाख ५३ हजार, उल्हासनगरची ५ लाख ६ हजार. तीन शहरं मिळून नऊ लाखांवर माणसं, आणि त्यानंतर आमच्याकडे किती टॉवर उभे राहिले ते स्टेशनवरच्या गर्दीला विचारा. यातला मोठा हिस्सा सकाळी गाडी पकडतो आणि रात्री परततो. सरकारची बैठक भरते तेव्हा आम्ही एक तर लोकलमध्ये असतो, नाही तर कुणाच्या तरी नोकरीवर. लोकशाही दिनसुद्धा जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. रोजंदारीवरच्या माणसासाठी लोकशाहीची किंमत एक खाडा.

त्यातही आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या नगरपरिषदांची निवडणूक २०१५ नंतर थेट २०२५ च्या डिसेंबरात झाली. मधली पाच वर्षांहून जास्त प्रशासक होते. नगरसेवकाच्या दारात उभं राहून भांडायची सोयही नव्हती. अशा काळात समित्या हाच एक झरोका उरतो. तोही बंद असेल तर माणसं काय करतात?

रुळांवर उतरल्यावर

बदलापूरकरांना याचं उत्तर माहीत आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेनं दहा साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सुरू केल्या. साधा पासवाला फलाटावरच राहिला. कळव्यात लोक उतरले, मग बदलापुरात. आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मला एवढंच विचारायचं आहे: जी गोष्ट आठवड्याभरात समजली, ती आधी का समजू शकत नव्हती? सल्लागार समित्या तेव्हाही होत्या. नेमलेले सदस्य होते. पण संध्याकाळी ठाण्याला उभ्यानं चढणाऱ्या माणसाला त्या समितीपुढे दोन मिनिटं बोलायची वाट नव्हती. वाट नसली की माणूस रूळ धरतो.

दुसरी तारीख लिहिताना हात जड होतो. २० ऑगस्ट २०२४. दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि शहर रुळांवर बसलं. दिवसभर गाड्या बंद होत्या. पाठोपाठ उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्यभर एक प्रश्न विचारला गेला, की शाळाशाळांत सखी सावित्री समिती असायला हवी होती, ती कुठे आहे? ही समिती २०२२ च्या शासन निर्णयानं आली होती. ती आहे की नाही, भरते की नाही, हे पालकांना बाहेरून दिसण्याचा काही मार्ग नव्हता. बैठकीची तारीख जाहीर झाली असती, आई-वडिलांना फोनवरून का होईना हजर राहता आलं असतं, इतिवृत्त फळ्यावर लागलं असतं, तर समिती नसल्याचं कुणाच्या तरी वेळीच लक्षात आलं असतं. त्यानं ती घटना टळली असती, असा दावा मी करणार नाही. पण न भरणारी समिती दिसते, ती तिच्याकडे बघायची सोय असेल तरच.

‘सूचना ईमेलनं पाठवा’

यावर हमखास उत्तर येतं. बैठकीला यायची गरज काय? लेखी पाठवा.

लेखीचा आपला अनुभव ताजा आहे. विधी आयोगानं १४ जून २०२३ ला समान नागरी कायद्यावर मतं मागवली. सुमारे ७५ लाख प्रतिसाद गेले. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीकडे ९७ लाखांहून जास्त निवेदनं गेली. मशिदीबाहेर क्यूआर कोड लागले, तसे देवळाबाहेरही लागले. एक बटण दाबलं की तयार मजकूर जायचा. दोन्ही बाजूंनी पोतीच्या पोती भरली. त्या ढिगात एखाद्या विधवेनं आपल्या गावच्या कब्रस्तानाच्या जमिनीबद्दल चार ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या असतील, तर त्या कुणी वाचल्या? आकडा मोजणं म्हणजे ऐकणं नव्हे. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारावा लागतो. खालांचं पत्र गेलं असतं, तर फाइलला लागलं असतं. खाला बोलल्या असत्या, तर कुणीतरी विचारलं असतं, ‘‘बाई, कुठल्या टेबलावर अडलं?’’ आणि ते उत्तर नोंदवावं लागलं असतं.

जमतं, हे सिद्ध झालेलं आहे

तंत्राचं कारण आता चालणार नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या सर्वसाधारण सभाच दूरदृश्य प्रणालीनं झाल्या. विद्युत नियामक आयोगानं वीजदरासारख्या किचकट विषयावर ग्राहकांच्या सुनावण्या ऑनलाइन घेतल्या. सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑक्टोबर २०२३ ला देशातल्या सगळ्या माहिती आयोगांना बजावलं, की ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असे दोन्ही पर्याय द्या, आणि सुनावणीची लिंक रोजच्या यादीत छापा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पर्याय मागायचा तो नागरिकानं. साहेबांची मर्जी तिथे संपते.

खाजगी कंपन्यांना हे केव्हाच मिळालं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३ प्रमाणे संचालक दूरदृश्य प्रणालीनं आला तरी त्याची गणसंख्येत मोजणी होते. त्यासाठीचे नियम वाचा, माझ्यासारख्या इंजिनिअरलाही आवडतील असे आहेत. सुरुवातीला अध्यक्षानं हजेरी घ्यायची, प्रत्येकानं नाव सांगायचं, कुठून बोलतो ते सांगायचं. पंधरा दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा सगळ्यांना. भांडवलाच्या बैठकीला एवढी काळजी, आणि खालांच्या वेळेला तरतूद नाही.

बाहेरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत सरकारी सल्लागार समित्यांसाठी १९७२ पासून स्वतंत्र कायदा आहे. बैठकीची सूचना राजपत्रात, सर्वसाधारणपणे निदान पंधरा दिवस आधी. बैठक लोकांना खुली, बंद ठेवायची तर कारण लिहून. लेखी निवेदन कुणीही द्यावं. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही, आणि बोलायला किती वेळ द्यायचा हे तिथेही कार्यालयच ठरवतं. पण सूचना किती दिवस आधी, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर सोपवलेलं आहे.

मागणी काय

‘ऑनलाइन करा’ एवढं म्हणून भागणार नाही. वाईट नियमांनी केलेली ऑनलाइन बैठक बंद दारापेक्षा वाईट, कारण तिथे लोकांना हजर दाखवून गप्प बसवता येतं. मी रोज या बैठका चालवतो, म्हणून सांगतो: सगळी सत्ता म्यूटच्या बटणात असते. ते बटण कुणी, केव्हा दाबायचं हे लिहिलेलं नसेल, तर लिंक ही फक्त शोभा आहे. म्हणून राज्य सरकारनं सगळ्या सल्लागार समित्यांसाठी एकच नियमावली करावी, आणि तिच्यात निदान एवढं असावं:

१. बैठकीची सूचना पंधरा दिवस आधी. विषयपत्रिका, लिंक आणि फोन नंबरसह. संकेतस्थळावर आणि कार्यालयाच्या फळ्यावर. मराठीत, आणि मागणी असेल तिथे उर्दूत, सिंधीत. उल्हासनगरला सिंधीची गरज कुणी समजावून सांगायला नको.

२. दार आणि लिंक, दोन्ही. लिंक दिली म्हणून सभागृह बंद करता येणार नाही.

३. साध्या फोनवरून बोलता यावं. स्मार्टफोन, अ‍ॅप, डेटा पॅक यांची सक्ती नको. आपल्या घरांत फोन एकच असतो आणि तो बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी, अंबरनाथच्या तहसील कार्यालयात किंवा नगरपरिषदेत, एक खोली आणि एक स्क्रीन ठेवावी.

४. आधी कळवल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि लेखी मथळे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याची आठवण फक्त रॅम्प बांधताना येऊ नये.

५. बोलण्याचा क्रम नोंदणीच्या क्रमानं. सभागृहातल्याला जितका वेळ, तितकाच फोनवरच्याला. आवाज बंद केला, तर कारण इतिवृत्तात.

६. लाइन तुटली तर बैठक थांबेल. जोडली गेली नाही, तर तो विषय पुढच्या बैठकीत.

७. पंधरा दिवसांत इतिवृत्त आणि ध्वनिमुद्रण जाहीर. प्रत्येक सूचनेपुढे: मान्य की अमान्य, आणि का.

८. ओळखीसाठी नाव आणि परिसर पुरे. आधार नको, फोन नंबर जाहीर नको. पीडितेचा, लहान मुलांचा विषय असेल तर तेवढा भाग बंद, पण बंद ठेवल्याची नोंद उघड.

यावर आक्षेप येतील. कुणीतरी शिवीगाळ करेल. करेल. सभागृहातही करतात, तिथे नियम असतात म्हणून सभागृह बंद करत नाहीत. हजार लोक जोडले गेले तर? तर हजार लोकांना तो विषय महत्त्वाचा वाटतो, हे समितीला फुकटात कळलं. वीस जण बोलतील, बाकीचे ऐकतील. सदस्य मोकळेपणानं बोलणार नाहीत? आमच्या पैशांच्या योजनांबद्दल आमच्यासमोर बोलायला जो कचरतो, त्याचा सल्ला तसाही काय कामाचा?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे. ते म्हणतात, घरबसल्या बोलायची सवय लागली की मोर्चाला कोण येणार? समोर बसलेल्या माणसाची जी धग अधिकाऱ्याला लागते, ती स्क्रीनमधून लागत नाही. हे खरं आहे. म्हणूनच दुसरा नियम आहे. पण आज मोर्चाला येतं कोण, तेही पाहा. ज्याला सुट्टी मिळते तो, ज्याच्या पायांत बळ आहे तो, आणि बहुतेक वेळा पुरुष. धग लागायला हवीच, पण खालांना त्यासाठी दिवसाची कमाई जाळायला लावू नका.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली बोटं स्वतःकडेही बघू देत. आपल्या जमातीच्या, मशीद ट्रस्टच्या, शिक्षणसंस्थांच्या बैठका कशा होतात? सूचना किती दिवस आधी? इतिवृत्त कुठे? बाया कुठे बसतात, आणि बसत असल्या तर बोलतात का? इशाच्या नमाजनंतर चार जण कोपऱ्यात उभे राहून जे ठरवतात, त्याला आपण ‘समाजाचा निर्णय’ म्हणतो. सरकारकडे जे मागतो, ते आधी आपल्या घरात लागू करू. आपल्या चळवळीच्या पुढच्या बैठकीपासून फोनवरून बोलायची सोय आणि पंधरा दिवसांत इतिवृत्त, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध करायचा तर समोर येऊन करा, किंवा फोनवरून करा.

शेवटी एक काम सांगतो, या आठवड्यात करण्यासारखं. तुमच्या कामाचं एक कार्यालय निवडा: पंचायत समिती, नगरपरिषद, महापालिका, शिक्षण विभाग, कुठलंही. दहा रुपयांचा अर्ज टाका. त्यात एवढंच विचारा: ‘कलम ४(१)(ख)(आठ) नुसार आपल्याकडे कोणत्या सल्लागार समित्या आहेत? गेल्या वर्षभरात त्यांच्या किती बैठका झाल्या? त्यांना कोण दूरदृश्य प्रणालीद्वारे उपस्थित होते? नागरिकांना तशी परवानगी कोणत्या नियमानं नाकारली?’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ताच माहीत आहे. नाकारणारा नियम नाहीच. तरतूद नाही, ती नाकारण्याचीसुद्धा.

खालांच्या मुलीचा अर्ज अजून अडकलेला आहे. पुढच्या बैठकीची तारीख मी शोधतो आहे. कळली की खालांना सांगेन. त्या मशीनवरचा पाय थांबवतील, फोन कानाला लावतील आणि तीन मिनिटं बोलतील. इतिवृत्तातली ती ओळ त्यांना खोडायची आहे.